दोष प्रतिस्पर्ध्याच्या वयाचा नाही

हायस्कूलच्या बेसबॉलपटूंना कॉलेजच्या संघांसमोर उतरवू नये, असे मानणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एकवीस-बावीस वर्षांच्या तगड्या खेळाडूंपुढे शरीराने मोडतो आणि मनाने खचतो, हा त्यांचा पूर्वपक्ष. त्यामागची काळजी खरी आहे, निदान मात्र चुकीचे आहे.

आधी मैदान पाहू. लिटल लीगमध्ये पिचर ४६ फुटांवरून चेंडू टाकतो आणि दोन बेसमध्ये ६० फुटांचे अंतर असते. हायस्कूलमध्ये हीच अंतरे ६० फूट ६ इंच आणि ९० फूट होतात; पुढे कॉलेजात तीच राहतात, व्यावसायिक सामन्यांतही तीच. धातूच्या बॅटवरून चेंडू किती जोराने उसळावा यावरची बीबीकोर ही मर्यादा कॉलेजांनी २०११ मध्ये आणि हायस्कूलांनी २०१२ मध्ये लागू केली. म्हणजे खेळाच्या नियमांनीच या मुलांना मोठ्यांच्या मैदानावर आणून ठेवले आहे. फरक उरतो तो समोरच्याच्या ताकदीचा.

तो पेलता येतो. लास व्हेगासच्या ब्राइस हार्परने हायस्कूलची दोन वर्षे झाल्यावर शाळा सोडली, समकक्ष परीक्षा दिली आणि २०१० चा हंगाम सतराव्या वर्षी कॉलेज ऑफ सदर्न नेवाडाकडून खेळला, तोही लाकडी बॅटच्या स्पर्धेत. ६६ सामन्यांत ३१ होमरन, सरासरी .४४३. त्या वर्षीचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार त्याला मिळाला आणि ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला सर्वांत आधी निवडले. त्याच हंगामाच्या अखेरीस तिसऱ्या स्ट्राइकच्या निर्णयावर चिडून त्याने मातीत बॅटने रेघ ओढली आणि निलंबन ओढवून घेतले, हे खरे. पण पंचांशी हुज्जत घालून बाहेर गेलेले तिशीतले व्यावसायिकही थोडे नाहीत. त्या रागाचे खापर वयाच्या फरकावर फुटत नाही.

हार्पर अपवाद होता, असे कोणी म्हणेल. मग हरलेल्या मुलाकडे वळू. जो नक्सहॉल १९४४ मध्ये पंधराव्या वर्षी सिनसिनाटी रेड्सकडून थेट मेजर लीगमध्ये उतरला. दोन तृतीयांश इनिंगमध्ये त्याच्याविरुद्ध पाच धावा निघाल्या. पूर्वपक्षाच्या हिशेबाने तो तिथेच संपायला हवा होता. त्याला मायनर लीगमध्ये घडू दिले गेले. १९५२ मध्ये तो परतला आणि कारकिर्दीत १३५ सामने जिंकला. याउलट डेव्हिड क्लाइड. १९७३ मध्ये हायस्कूल संपून महिनाही झाला नव्हता, तोच टेक्सास रेंजर्सने त्याला मैदानात उतरवले. संघमालकाला गर्दी हवी होती, स्टेडियम भरलेही. मग मायनर लीगमध्ये पाठवायचे सोडून त्याला तिकिटांसाठी वरच ठेवले गेले. पुढे खांदा दुखावला. कारकीर्द १८ विजय आणि ३३ पराभवांवर थांबली. दोघांनाही मोठ्यांनी झोडपले. फरक पडला तो नंतर त्यांना कसे वागवले गेले याने.

पिचरच्या हाताचा प्रश्न याहून गंभीर आहे. ग्लेन फ्लाइसिग, डॉ. जेम्स अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हात थकलेला असूनही नेहमी पिचिंग करणाऱ्या किशोरांमध्ये शस्त्रक्रियेचा धोका ३६ पट आढळला. वर्षातले आठ महिन्यांहून अधिक पिचिंग करणाऱ्यांमध्ये पाच पट. जखमी मुले अधिक वेगाने चेंडू टाकत होती, हेही त्यात दिसले. मोठा बॅटर समोर असला की मुलगा जास्त जोर लावणार, हा पूर्वपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा मी इथे मान्य करतो. पण वेगाचा हाच हव्यास समवयस्कांच्या निवड-शिबिरांतही असतो. तिथे रडार गन घेऊन स्काउट बसलेले असतात.

म्हणून बंदी घालायचीच असेल तर थकव्यावर घाला. सतरा-अठरा वर्षांच्या पिचरसाठी पिच स्मार्ट नियमावलीने दिवसाला १०५ चेंडूंची कमाल मर्यादा सांगितली आहे. कॉलेजविरुद्धच्या सामन्यात ती आणखी खाली आणा, पुढची विश्रांती सक्तीची करा आणि ज्या मुलांची तयारी आहे त्यांना खेळू द्या.