शेफिल्ड

शेफिल्ड : इंग्लंडच्या साउथ यॉर्कशर परगण्यातील औद्योगिक शहर, पोलाद आणि सुऱ्या-कात्र्यांसाठी जगप्रसिद्ध. लोकसंख्या सुमारे ५,५६,५०० (२०२१). पेनाइन डोंगररांगेच्या पूर्व उतारावर डॉन व शीफ या नद्यांच्या संगमाशी ते वसले आहे. पोर्टर, रिव्हलिन आणि लॉक्सली या आणखी तीन लहान नद्या शहरातून वाहतात. शहराच्या हद्दीचा जवळजवळ तिसरा हिस्सा पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात मोडतो. धुराड्यांचे गाव म्हणून ज्याची ख्याती, ते प्रत्यक्षात डोंगर आणि झाडीने वेढलेले आहे.

येथील उद्योगाचे मूळ या भूगोलातच सापडते. उतारावरून वेगाने येणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या बसवता आल्या, डोंगरातला खरबरीत दगड धार लावण्याच्या चाकांना मिळाला आणि कोळसा, लोखंड व लाकूड हाताशी होते. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये शेफिल्डच्या सुरीचा उल्लेख केला आहे. सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांच्या संघाला १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. हा संघ आजही अस्तित्वात आहे.

अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. डॉनकास्टर सोडून तो शेफिल्डजवळ आला आणि १७४०च्या दशकात मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची रीत त्याने सिद्ध केली. स्थानिक कारागिरांना ते पोलाद फार कठीण वाटले व त्यांनी आधी ते नाकारले. पुढे याच पोलादाने गावाचे नशीब पालटले. मुशींची अशी एक संपूर्ण भट्टी ॲबीडेल येथे जतन केली आहे.

शेफिल्डचा खरा कणा मात्र ‘लिटल मेस्टर’ म्हणून ओळखले जाणारे छोटे उस्ताद होते. भाड्याच्या एका खोलीत, एकदोन मदतनीस घेऊन ते काम करत. एकाने पाते घडवायचे, दुसऱ्याने त्याला धार लावायची, तिसऱ्याने मूठ बसवायची. एक सुरी तयार होईपर्यंत अनेक अंगणे फिरून येई. जोसेफ रॉजर्ससारख्या नामांकित कंपन्यांच्या चाकूंना हिंदुस्थानातही मोठी बाजारपेठ होती. त्या चाकूंवर कंपनीचा छाप असे, घडवणाऱ्याचे नाव नसे.

या कौशल्याची किंमत फुप्फुसांनी चुकवली. कोरड्या चाकावर काटे घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची व पोलादाची धूळ साचे. शेफिल्डच्या डॉ. नाइट यांच्या निरीक्षणांचा आधार घेऊन समाजवादी विचारवंत एंगल्सने १८४५ मध्ये नोंदवले की, अशा कामगारांचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचे असते. जुन्या दिवसांच्या गोड आठवणी सांगताना ही गोष्ट वगळली, तर तो शेफिल्डचा इतिहास राहत नाही.

११ मार्च १८६४ च्या रात्री लॉक्सली खोऱ्याच्या वरच्या अंगाला नुकतेच बांधलेले डेल डाइक धरण फुटले. सुमारे २४० माणसे झोपेत वाहून गेली. नुकसानभरपाईसाठी लोकांनी हजारो दावे दाखल केले. त्या कागदांत कोणाचे हत्यार गेले, कोणाचे घड्याळ, कोणाचे कपडे, हे एकेक वस्तूनिशी लिहिलेले आहे. गरीब माणसाच्या घरात त्या काळी काय काय होते, हे समजण्यासाठी इतके जिवंत साधन दुसऱ्या शहरांपाशी क्वचितच असेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेसेमरच्या पद्धतीने पोलाद स्वस्त झाले आणि डॉनच्या काठी ॲटरक्लिफकडे रेल्वेचे रूळ, चिलखती पत्रे व तोफा बनवणारे अवाढव्य कारखाने उभे राहिले. १८९३ मध्ये शेफिल्डला ‘सिटी’चा दर्जा मिळाला. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकांच्या नळ्या झिजू नयेत म्हणून मिश्रधातूंचे प्रयोग करत होता. क्रोमियम मिसळलेले एक पोलाद गंजत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. तो भट्टीवर काम करणाऱ्या गरीब कामगाराचा मुलगा होता. मराठी घरांतील स्टीलच्या ताटवाट्यांचे कूळ शोधत गेले, तर त्याची एक महत्त्वाची शाखा ब्रिअर्लीच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचते.

दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यांत हजारो स्त्रिया घण, क्रेन आणि भट्ट्या सांभाळत होत्या. डिसेंबर १९४०च्या दोन रात्री जर्मन विमानांनी शहर भाजून काढले. साडेसहाशेहून अधिक माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ७० जण एकट्या मार्पल्स हॉटेलच्या तळघरात आसऱ्याला गेलेले होते. युद्ध संपताच स्त्रियांना घरी पाठवण्यात आले आणि त्यांच्या कामाचा उल्लेखही मागे पडला. उतारवयात त्यांच्यापैकी काही जणींनी आग्रह धरला, लोकांनी वर्गणी दिली आणि जून २०१६ मध्ये ‘विमेन ऑफ स्टील’ हा पुतळा बार्कर्स पूल चौकात उभा राहिला. सत्तर वर्षांचा हा उशीर लाजिरवाणा आहे, पण इतिहासाची दुरुस्ती इतिहास जगलेल्यांनीच करून घेतली, हे या शहराचे मोठेपण.

पोलाद कामगारांच्या १९८०च्या संपानंतर कारखाने झपाट्याने बंद पडले. हॅडफिल्ड कंपनीच्या ईस्ट हेक्ला कारखान्याच्या जागेवर १९९० मध्ये मेडोहॉल हे बाजारसंकुल उघडले. पोलाद संपले मात्र नाही. मोठे ओतकाम व घडाईकाम करणारी शेफिल्ड फोर्जमास्टर्स ही कंपनी २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने विकत घेतली.

जुनी माणसे शहर सांगू लागली, की इमारतींच्या आधी आवाज सांगतात : रात्री घणाच्या ठोक्याने हादरणाऱ्या खिडक्या, भट्टी उघडताच लाल होणारे आकाश. मग जागा येतात. कोल ब्रदर्स या दुकानाचा कोपरा ही पिढ्यानपिढ्या प्रेमिकांच्या भेटीची जागा. दुकान १९६३ मध्ये हलले, तरी ‘कोल्स कॉर्नर’ हे नाव टिकले. कासल स्क्वेअरखालचा, १९६७ मध्ये खुला झालेला गोल भुयारी चौक ‘होल इन द रोड’ म्हणून लाडका होता. त्याच्या भिंतीत माशांची काचेची टाकी होती. नव्या ट्रामसाठी तो १९९४ मध्ये बुजवला गेला. जुन्या ट्राम १९६०च्या ऑक्टोबरात निघून गेल्या होत्या. टिन्स्लीचे दोन शीतक मनोरे २००८च्या ऑगस्टमध्ये पहाटे सुरुंगाने पाडले, तेव्हा हजारो लोक जागत उभे होते. त्या मनोऱ्यांना कोणी सुंदर म्हणत नसे, पण लांबच्या प्रवासाहून परतताना घर जवळ आल्याची खूण तीच होती.

केलम आयलंड संग्रहालयात (१९८२) १९०५ सालचे १२,००० अश्वशक्तीचे रिव्हर डॉन इंजिन आजही वाफेवर चालवून दाखवतात. शहर पाहायला जाणाऱ्याने ते चुकवू नये. पण त्याहून मोलाची जागा रँडल स्ट्रीटवरील पोर्टलंड वर्क्स. गंजरहित पोलादाच्या सुऱ्या प्रथम बनल्या त्या येथे. ही इमारत निवासी सदनिकांसाठी जाण्याच्या बेतात होती. २०१३ मध्ये पाचशेहून अधिक सामान्य लोकांनी शेअर घेऊन ती विकत घेतली. आज तिथे लहान कारागीर भाड्याच्या खोल्यांत हत्यारे, सुऱ्या व वाद्ये बनवतात.