घरगुती वीजदराची कमाल मर्यादा कशी ठरते? नियामक आयोगांची कार्यपद्धती आणि लांबणीवर पडलेल्या खर्चाचा भार

नवी दिल्ली : घरगुती ग्राहकाकडून विजेसाठी किती रक्कम घ्यायची, हे वितरण कंपनी स्वतःच्या मर्जीने ठरवू शकत नाही. राज्य वीज नियामक आयोगाने मंजूर केलेला दर हीच तिच्यासाठी मर्यादा असते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६२ नुसार मंजूर दरापेक्षा अधिक वसूल केलेली रक्कम ग्राहकाला बँक दराइतक्या व्याजासह परत मिळण्यास पात्र ठरते. मात्र दराला मर्यादा घातली म्हणून वीजपुरवठ्याचा खर्च कमी होत नाही. तो आज वसूल करायचा, पुढे ढकलायचा की सरकारी तिजोरीतून भरायचा, हा दरनिश्चितीतील खरा प्रश्न असतो.

दर ठरवण्याचा अधिकार

वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील विषय आहे. राज्य सरकारे व वीज मंडळे यांच्या हातातील दरनिश्चिती स्वतंत्र आयोगांकडे सोपवण्याची प्रक्रिया १९९० च्या दशकात ओडिशापासून सुरू झाली. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. गोव्यासाठी वेगळा आयोग नाही. ते राज्य आणि दिल्लीबाहेरचे अनेक केंद्रशासित प्रदेश संयुक्त वीज नियामक आयोगाच्या कक्षेत येतात. त्यामुळे पुणे, बेळगाव, बडोदा, इंदूर आणि पणजी येथील ग्राहकांचे दर वेगवेगळ्या आयोगांच्या आदेशांनी ठरतात, कायदा मात्र सर्वांसाठी एकच आहे.

कायद्याच्या कलम ६१ ने आयोगांपुढे दोन उद्दिष्टे ठेवली आहेत. ग्राहकांच्या हिताचे रक्षण व्हावे आणि त्याच वेळी विजेचा खर्च वाजवी रीतीने वसूल व्हावा. या दोहोंचा मेळ घालताना आयोगांची कसोटी लागते.

खर्चापासून दरापर्यंत

वितरण कंपनी आयोगाकडे याचिका दाखल करते, तेव्हा तिचा गाभा असतो ‘वार्षिक महसुली गरज’. वीजखरेदी, पारेषण, देखभाल-दुरुस्ती, कर्मचाऱ्यांचे वेतन, घसारा, कर्जावरील व्याज आणि भागभांडवलावरील ठरावीक परतावा अशा बाबींची ती बेरीज असते. यात वीजखरेदीचा वाटा सर्वांत मोठा असतो. प्रत्येक बाब मान्य करायची की नाही, याची आयोग छाननी करतो आणि अवाजवी वाटणारा खर्च वगळतो. मान्य झालेली रक्कम अपेक्षित वीजविक्रीवर विभागली की पुरवठ्याचा सरासरी खर्च मिळतो.

वीजहानीचा परिणाम येथे ठळकपणे दिसतो. समजा, कंपनीने प्रतियुनिट ५ रुपये दराने १०० युनिट वीज खरेदी केली आणि १५ टक्के हानी गृहीत धरली, तर विक्रीसाठी ८५ युनिट उरतात. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटमागे केवळ खरेदीचा खर्च सुमारे ५ रुपये ८८ पैसे होतो. हानी १८ टक्क्यांवर गेली, तर तोच खर्च सुमारे ६ रुपये १० पैसे होईल. आयोगाने हानीचे लक्ष्य १५ टक्के ठेवले असेल, तर वरच्या २२ पैशांचा बोजा तत्त्वतः कंपनीने सोसायचा असतो. वीजचोरी आणि अकार्यक्षमतेचा भार प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यांवर सरसकट पडू नये, हा त्यामागील हेतू आहे.

सरासरी खर्च निघाल्यावर तो ग्राहकवर्गांत वाटला जातो. कमी वापराच्या टप्प्यातील घरगुती ग्राहकांचा दर बहुधा सरासरी खर्चाहून कमी ठेवला जातो आणि त्याची भरपाई उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून होते. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने दर सरासरी खर्चाच्या २० टक्के वर-खाली या पट्ट्यात आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

याचिकेचा गोषवारा प्रसिद्ध करणे आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणे बंधनकारक आहे. कलम ६४ नुसार याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोगाने निर्णय द्यायचा असतो. आदेशाविरुद्ध अपिलीय विद्युत न्यायाधिकरणाकडे आणि तेथून कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागता येते.

वर्षाच्या मध्येच बिल का बदलते?

कलम ६२ नुसार दर सामान्यतः एका आर्थिक वर्षात एकदाच बदलता येतो. इंधन अधिभार हा त्याला अपवाद आहे. कोळसा महागला किंवा कंपनीला बाजारातून चढ्या भावाने वीज घ्यावी लागली, तर मूळ दर तोच राहूनही बिल वाढते. महाराष्ट्रातील बिलावर ही रक्कम ‘इंधन समायोजन आकार’ या नावाने दिसते. खर्च अंदाजापेक्षा कमी झाला, तर हा आकार उणेही होऊ शकतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून या समायोजनाला मासिक स्वरूप दिले. एखाद्या महिन्यातील वाढीव खर्च त्यानंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या बिलात येतो. अधिभार ५ टक्क्यांपर्यंत असल्यास तो आपोआप वसूल करता येतो. त्याहून अधिक असल्यास ५ टक्के आणि उरलेल्या भागाच्या ९० टक्के इतकी वसुली लगेच होते, बाकीची रक्कम आयोगाच्या मंजुरीनंतर. उदाहरणार्थ, अधिभार ८ टक्के निघाला, तर ७.७ टक्के तत्काळ आकारला जातो आणि ०.३ टक्के राखून ठेवला जातो. कंपनीने मुदतीत हिशेब केला नाही, तर अपवादात्मक परिस्थिती वगळता तिचा वसुलीचा हक्क जातो.

वर्ष संपल्यावर अंदाज आणि लेखापरीक्षित आकडे यांचा ताळमेळ घातला जातो. ‘ट्रू-अप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या टप्प्यात निघालेली तूट वा शिल्लक पुढील दरांत मिळवली जाते.

सवलतीचा पैसा कोणाचा?

राज्य सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला आयोगाच्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल, तर कलम ६५ नुसार फरकाची रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी लागते. अन्यथा सवलतीचा निर्देश लागू होत नाही. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांना मिळणारी मोफत वीज हे अशा सरकारी अनुदानाचे उदाहरण आहे. तेथे आयोगाचा दर शून्य झालेला नाही. बिल ग्राहकाऐवजी सरकार भरते.

पुढे ढकललेला खर्च

खर्च मान्य करूनही दरवाढ टाळायची असेल, तेव्हा आयोग वसुली पुढील वर्षांवर टाकतो. कंपनीच्या हिशेबात ही येणे रक्कम ‘नियामक मत्ता’ म्हणून नोंदली जाते आणि तिच्यावर व्याजासारखा वहन खर्च चढत राहतो. दिल्लीत ३० सप्टेंबर २०२१ च्या आदेशानंतर अनेक वर्षे नवा दर आदेश निघाला नाही. त्या काळात वीजखरेदी समायोजन आकार बदलत राहिला, तरी जुनी थकबाकी कायम राहिली. ३१ मार्च २०२४ अखेर दिल्लीतील तीन खासगी वितरण कंपन्यांची नियामक मत्ता २७ हजार २०० कोटी रुपयांवर पोहोचली होती.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या निकालात नियामक मत्तेची बेसुमार वाढ हे नियामकांचे अपयश असल्याचे नमूद केले. थकीत रकमेच्या कालबद्ध वसुलीचा आराखडा आयोगांनी द्यावा आणि अपिलीय न्यायाधिकरणाने त्यावर देखरेख ठेवावी, असे निर्देश देण्यात आले. केंद्राच्या नियमांनुसार अशी नवी तफावत मंजूर महसुली गरजेच्या ३ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये आणि ती तीन समान वार्षिक हप्त्यांत भरून काढावी. कागदावर स्थिर दिसणारा दर पुढील ग्राहकांसाठी व्याजासह महाग ठरतो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये पुरवठादारांची स्पर्धा आहे. तेथील नियामक ‘ऑफजेम’ जानेवारी २०१९ पासून वीज व गॅसच्या प्रतियुनिट दराची आणि स्थिर आकाराची कमाल मर्यादा ठरवतो. सुरुवातीला दर सहा महिन्यांनी बदलणारी ही मर्यादा ऑक्टोबर २०२२ पासून तिमाही झाली. ऊर्जासंकटात जानेवारी ते मार्च २०२३ या तिमाहीसाठी सर्वसाधारण कुटुंबाची वार्षिक मर्यादा ४,२७९ पौंडांवर गेली. सरकारने ते बिल सुमारे २,५०० पौंडांवर रोखले आणि फरक सार्वजनिक निधीतून भरला. तेथेही खर्च टळला नाही, तो भरणारा बदलला.

भारतीय कायद्यातही अशा कमाल मर्यादेची तरतूद आहे. एकाच भागात दोन वा अधिक वितरण परवानाधारक असतील, तर स्पर्धेसाठी आयोग केवळ वरची मर्यादा ठरवू शकतो. मुंबईच्या उपनगरांत टाटा पॉवर आणि अदानी इलेक्ट्रिसिटी अशा दोन कंपन्या आहेत. मात्र तेथे प्रत्येक कंपनीचे दर स्वतंत्रपणे मंजूर केले जातात.

ग्राहकाने दाद कोठे मागावी?

मीटरवाचन किंवा आकारणीत चूक असल्यास कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते. दरच मान्य नसेल, तर हे मार्ग उपयोगाचे नाहीत. त्यासाठी याचिकेवरील सूचना-हरकतींची मुदत आणि जनसुनावणी हीच वेळ असते. खर्चाच्या अंदाजाइतकेच लांबणीवर टाकलेल्या वसुलीचे आकडेही याच टप्प्यावर तपासता येतात.