धान्याच्या गोळीतून विषारी वायू कसा निघतो?

गोदामातील धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवाबंद डब्यात या गोळ्या तशाच राहतात. झाकण उघडले की हवेतील ओलावा त्यांना लागतो आणि रासायनिक क्रिया सुरू होते.

या क्रियेत पाण्याचा रेणू स्वतःही तुटतो. त्याचा हायड्रॉक्सिल हा भाग ॲल्युमिनियमला जोडला जातो आणि हायड्रोजन फॉस्फरसला. पाण्यामुळे संयुग असे फुटण्याला जलीय विच्छेदन किंवा हायड्रोलिसिस म्हणतात. शेवटी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची भुकटी उरते आणि फॉस्फिन वायू हवेत मिसळतो. ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन निघतो.

हा वायू किड्यांप्रमाणे माणसाचाही जीव घेतो. त्यावर नेमका उतारा नाही. म्हणून ही गोळी घरातील धान्याच्या कोठीत किंवा ढेकूण मारण्यासाठी खोलीत कधीही ठेवू नये. तिच्यावर पाणीही ओतू नये. वायू एकदम निघून पेट घेऊ शकतो. लसूण किंवा सडक्या माशासारखा वास आल्यास लगेच मोकळ्या हवेत जावे. मात्र वास आला नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये.