विजेच्या गिटारची खोबण

तंबोऱ्याच्या भोपळ्याला कोणी भोक पाडायला निघाला तर आपण त्याचा हात धरू. साध्या गिटारचंही तसंच आहे. तिचं पोट पोकळ असतं, त्या पोकळीतच स्वर घुमतो, आणि पोटावर पटाशी चालली की वाद्य कामातून गेले म्हणून समजावे. पण विजेच्या गिटारची जात निराळी. तिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. स्वर तिथे लाकडाच्या पोटात वाढत नाही. तारांखाली बसवलेला एक लहानसा चुंबक तो उचलतो आणि ध्वनिवर्धकाकडे धाडतो. त्या उचलणाऱ्या भागाला पिकअप म्हणतात. पिकअप बसायला लाकडात खळगा लागतो, ती खोबण. ह्या खोबणीचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि थोडा दुःखाचाही.

पिकअपची रचना अगदी सोपी. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकसा विद्युत्प्रवाह उमटतो. फॅराडेने 1831 मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. पण असल्या वेटोळ्याला चांगले-वाईट कळत नाही. तारेचा स्वर तो पकडतो तशी दिव्यांच्या नि यंत्रांच्या विजेची घरघरही पकडतो. वाजवणारा थांबला तरी कर्ण्यातून घूं-घूं चालूच!

भरीव अंगाची कल्पना पक्की कोणाची, हा वाद मोठा आहे; त्यात आपण शिरू नये. लेस पॉल नावाच्या अमेरिकन वादकाने 1940 च्या सुमारास एपिफोनच्या कारखान्यात सुटीच्या दिवशी बसून चार इंची पाइनच्या चौकोनी ठोकळ्याला तारा नि पिकअप लावले. नुसता ठोकळा पाहून लोक बुजतात म्हणून एका गिटारचं पोट उभं कापून दोन्ही बाजूंना पंखांसारखं जोडलं. म्हणजे करवत ह्या वाद्याच्या जन्मापासूनच सोबतीला आहे म्हणा ना!

पुढे दोन घराणी झाली. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर ह्यांनी 1950 पासून भरीव गिटारी बाजारात आणल्या. त्यांच्या 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तीन पिकअप होते, पण प्रत्येकाला वेटोळे एकच. स्वर लख्ख, घंटेसारखा. घरघर मात्र कायम. दुसरे घराणे मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या गिब्सन कंपनीचे. तिथल्या सेथ लव्हर ह्या तंत्रज्ञाने दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवली, एकाचे वेढे आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट. तारेचा स्वर दोन्हींत मिळून दुणावतो आणि बाहेरची घरघर एकमेकींना खाऊन टाकते. ह्याला हंबकर हे नाव पडले. जून 1955 मध्ये पेटंटचा अर्ज गेला, जुलै 1959 मध्ये पेटंट मिळाले. मौज अशी की ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ ही चिठ्ठी त्यानंतरही काही वर्षे पिकअपच्या पाठीवर चिकटवली जात होती. आणि पुढे आकडा छापला तोही ह्या पिकअपचा नव्हे, लेस पॉल ह्यांच्या तारा अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा! आज त्या जुन्या चिठ्ठीवरूनच पिकअपचं मोल ठरतं.

आता अडचण कुठे आली ते पहा. दोन वेटोळी म्हणजे रुंदी जवळजवळ दुप्पट. हंबकर सुमारे 38 मिलिमीटर रुंद. फेंडरचा पिकअप त्याच्या निम्म्याच्या आसपास. फेंडरच्या खोबणीत हंबकर काही केल्या बसत नाही. तेव्हा लाकूड कापायचे. पण ते काम दिसते तेवढे सोपे नाही. आधी सगळ्या तारा काढून घोडीपासूनचे अंतर नेमके आखायचे. रंगाचा टवका उडू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावायची. गिरमिटाने मर्यादित खोलीची भोके पाडून मधलं लाकूड पटाशीने काढायचं. हल्ली प्लायवुडचा साचा ठेवून कोरणयंत्राने कोरतात. हंबकरला खाली दोन पाय असतात, त्यांना आणखी खोल जागा द्यावी लागते. सबंध फळी जेमतेम पावणेदोन इंच जाड. पाठीमागेही स्प्रिंगांची खोबण असते, म्हणून गिरमिट बेताने चालवावे. आणि एवढं करूनही आवाज मनासारखा येईलच असं नाही, कारण फेंडरच्या आवाजाच्या खुंटीत अडीचशे किलोओहमचा रोधक असतो आणि हंबकरला बहुधा पाचशेचा देतात. तो बदलला नाही तर स्वर जरा दबका लागतो.

खरी कापाकापी मात्र गिब्सनच्याच वाद्यांवर झाली. लेस पॉल ह्यांच्या नावाची सोनेरी गिटार 1952 साली निघाली. तिच्यात एका वेटोळ्याचा पी-90 हा पिकअप होता. 1957 मध्ये तिला हंबकर आले, 1958 मध्ये सोनेरी रंग जाऊन लाकडाच्या रेषा दाखवणारा तांबूस रंग आला, आणि 1960 नंतर ती घडणच बंद झाली, कारण खप नव्हता. मग एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या मेळ्यात तीच तांबूस गिटार वाजवू लागला, 1966 मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि जो तो तिच्या मागे लागला. वाद्ये थोडी, गिऱ्हाईक फार. तेव्हा लोकांनी जुन्या सोनेरी गिटारींचा रंग खरवडला, पी-90 ची खोबण चार मिलिमीटरभर रुंद केली आणि हंबकर बसवले. त्याची चौकट दोन्ही बाजूंच्या फटी झाकून टाकते, त्यामुळे हात आणखीच धजावले.

आज त्याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. जुन्या, न कापलेल्या सोनेरी गिटारीला आता फार मोठी किंमत येते. पण मला त्या कापणाऱ्यांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांच्या हातात होते ते पंधरा वर्षांचे जुने, कोणी न विचारणारे वाद्य. त्यांना वाजवायचं होतं, जपायचं नव्हतं.

अशाच हाताने घडलेले सर्वांत प्रसिद्ध वाद्य एडी व्हॅन हेलनचे. नेदरलंड्समध्ये जन्मलेला, कॅलिफोर्नियात वाढलेला हा पोरगा. फेंडरची हलती घोडी आणि गिब्सनचा भरदार स्वर दोन्ही एकाच गिटारीत हवे, हा त्याचा हट्ट. बाजारात तसं वाद्य नव्हतं. मग त्याने स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाचे दुय्यम प्रतीचे, स्वस्तातले लाकडी अंग विकत घेतले, पटाशीने खोबण वाढवली आणि गिब्सनच्या जुन्या गिटारीतला हंबकर सरळ लाकडालाच स्क्रूंनी आवळला. गिब्सनच्या तारांतले अंतर कमी, फेंडरच्या घोडीवर जास्त. म्हणून पिकअप तिरपा बसवला, म्हणजे कडेच्या तारा सुटू नयेत. वेढे सैल राहून शिट्टी मारत, म्हणून तो वितळलेल्या मेणात बुडवून काढला. काम सुताराने हसावे असेच ओबडधोबड होते. पण 1978 मध्ये त्या गिटारीच्या आवाजाची पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि पुढच्या दशकात मोठमोठे कारखाने आपल्या गिटारींना घोडीजवळ हंबकरची खोबण कोरून देऊ लागले. एडी 2020 साली वारला. त्याच्या आदल्या वर्षी ती गिटार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात काचेआड मांडली होती.

दरम्यान पिकअप करणारेही शहाणे झाले. 1970 नंतरच्या दशकात डीमार्झिओ, सीमोर डंकन ह्यांनी सुटे पिकअप विकण्याचा धंदाच उभा केला. आणि पुढे एका वेटोळ्याच्या आकारात दोन वेटोळी एकावर एक किंवा अगदी चिकटून बसवलेले पिकअप निघाले, म्हणजे लाकडाला हातच लावायला नको. उलट हंबकरच्या आकाराचे पी-90 देखील मिळतात. खोबणीला साजेसा पिकअप, हा असा उलटा न्याय आला. त्यामुळे जुन्या वाद्यांवरची पटाशी थंडावली.

जुन्या गिटारींचा व्यापारी मात्र आजही भाव बोलायच्या आधी पेचकस मागतो. वरची चकती किंवा पिकअपची चौकट सोडवतो, विजेरीचा झोत खोबणीत टाकतो आणि कडा न्याहाळतो: यंत्राने गोल फिरवलेल्या आहेत, की कुणाच्या तरी पटाशीने टवके काढले आहेत.