शमुएल, सामाजी, सॅम्युअल: एकाच नावाची तीन रूपं

भातसानगरहून बोलतोय. आपल्या भातसा धरणाचं पाणी ज्या मुंबईला जातं, तिथे मशीद बंदर भागात सॅम्युअल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. हा सॅम्युअल कुणी गोरा साहेब नव्हता बरं का! तो कोकणातला मराठी बोलणारा बेने इस्रायली ज्यू. सॅम्युअल इझिकेल दिवेकर. पण त्याच्या माणसांत त्याची ओळख होती सामाजी हसाजी दिवेकर.

दोन्ही नावं एकच. मूळ हिब्रू नाव 'शमुएल'. 'शेम' म्हणजे नाव, 'एल' म्हणजे देव. भाषेचे अभ्यासक अर्थ लावतात 'देवाचं नाव' किंवा 'ज्याचं नाव देव'. बायबलातली गोष्ट मात्र वेगळं सांगते. मूल नसलेली हन्ना देवाकडे मुलगा मागते, आणि देवाकडे मागितला म्हणून त्याचं नाव शमुएल ठेवते. खरं तर 'मागणे' या हिब्रू धातूशी जास्त जुळतं ते शौल हे नाव!

आता कोकणात या. बेने इस्रायली लोक गावोगावी तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. मराठीत राहता राहता शमुएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी. गंमत बघा, दोन्ही नावांतला 'एल', म्हणजे देव, गळून पडला आणि शिवाजी-संभाजीतला आपला 'जी' येऊन बसला.

मग धर्मही गळला का? अजिबात नाही. शनिवार पाळणं चालू राहिलं, आठव्या दिवशी मुलाची सुंता चालू राहिली. आणि याच सामाजीने 1796 मध्ये मुंबईत बेने इस्रायलींचं पहिलं सिनेगॉग उभं केलं. नाव 'शाअर हारहमीम', दयेचं दार.

पुढे 19व्या शतकात कोचीचे ज्यू शिक्षक आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांच्यामुळे बायबलातली नावं परत आली. सामाजी मागे पडला, सॅम्युअल रुळला. आपल्याला वाटतं, सामाजी हा अपभ्रंश आणि सॅम्युअल हे अस्सल. पण सॅम्युअल तरी कुठे हिब्रू आहे? तो इंग्रजीचा उच्चार! एकाला मराठीने घडवलं, दुसऱ्याला इंग्रजीने. मग एकाला बिघडलेलं का म्हणायचं?

तुमच्या आजी-पणजोबांची नावं एकदा नीट ऐका. गावठी वाटणाऱ्या नावातही लांबचा प्रवास दडलेला असू शकतो. भेटू पुढच्या भागात!