जुन्या पद्मिनीत दुसरं इंजिन बसवायचंय? आधी हे समजून घ्या

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बाद झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची. हिशोब सरळ होता.

पण ही मर्यादा टॅक्सीला. घरगुती पद्मिन्या अजून आहेत. कुणाच्या आजोबांनी घेतलेली, कुणाला सासऱ्यांकडून आलेली, वाड्याच्या पडवीत नाहीतर सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर घालून उभी. टायर बसलेत, बॅटरी कधीच गेली, पण विकायला मन होत नाही. मग एक दिवस मोबाईलवर एखादं रील दिसतं. कुणीतरी पद्मिनीत मारुती जिप्सीचं इंजिन टाकलंय आणि गाडी सुसाट पळतेय. आपणही करावं का, हा विचार तिथूनच सुरू होतो.

करता येतं का? लोखंडाच्या बाजूने पाहिलं तर येतं. कागदाच्या बाजूने पाहिलं तर मामला वेगळा आहे.

मुळात ही गाडी काय आहे?

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. म्हणूनच जुनी माणसं अजूनही तिला फियाटच म्हणतात.

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ताकद साधारण ४० अश्वशक्ती, म्हणजे आजच्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी. इंजिन पुढे उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं, आणि ताकद जाते मागच्या चाकांना. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आणि एक महत्त्वाची गोष्ट: या गाडीला ट्रक किंवा जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे पत्रा सडला की गाडीचा कणाच सडला.

पहिली तपासणी आरसीची

बहुतेक लोक सुरुवात रंगापासून करतात. सुरुवात करायला हवी आरसी बुकापासून. त्यावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, हे पाना हातात घेण्याआधी पाहायचं. ३०-४० वर्षांत एखाद्या मेस्त्रीने इंजिन बदललेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. नोंदणी संपून दहा वर्षं झाली असतील तर आधी आरटीओत चौकशी करून मगच गाडीवर खर्च करावा.

आता इंजिन बदलण्याचा कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरची नोंद जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं आणि बदलांना मोकळीक देणारा तिथल्या उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. त्याच वर्षी कायद्यात शिक्षाही आली. कलम १८२-ए प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे पद्मिनीत पद्मिनीचंच, त्याच प्रकारचं इंजिन बसवायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घेऊन, नंतर नवा नंबर आरसीवर चढवून घेऊन ते रीतसर करता येतं. त्यासाठी दुसऱ्या इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद हवेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत माल मिळेल, पण बिल नसलेलं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये. ते चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. जिप्सीचं इंजिन मात्र दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या क्षमतेचं. ते बसवून रस्त्यावर फिरणं या चौकटीत बसत नाही. उद्या अपघात झाला तर 'आरसीवरचं इंजिन आणि गाडीतलं इंजिन वेगळं' एवढं कारण विमा कंपनीला दावा अडवायला पुरतं. दंडाचे पाच हजार परवडतीलही. समोरच्या माणसाची नुकसानभरपाई खिशातून द्यायची वेळ आली तर परवडणार नाही. रीलमध्ये हा भाग नसतो.

अजून एक नुकसान आहे. २०२१ पासून पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. सत्तरच्या दशकातल्या पद्मिन्या आता या वयात येत आहेत. आज इंजिन बदललं तर हा दरवाजा बंद.

खरंच इंजिन गेलंय का?

'गाडी ओढत नाही' म्हणून इंजिन बदलायला निघालेल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन मेलेलं नसतं, दमलेलं असतं. हे कळायला कॉम्प्रेशन टेस्ट पुरते. चारही प्लग काढायचे, एकेका भोकात गेज लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. चारही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असतील तर इंजिनाचा पाया ठीक आहे. एखाद्याचा आकडा पडला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. वाढला नाही तर व्हॉल्व्ह धरत नाहीत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम पडले असतील तर संशय हेड गॅस्केटवर.

यातलं काहीही दुरुस्त होतं. ब्लॉक बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, नवी बेअरिंगं, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह बसवणं ही कामं जुन्या लेथवाल्यांच्या हातातली आहेत. हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्हच्या सीटही कडक धातूच्या करून घ्याव्यात. २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते सीटची झीज रोखायचं. आता ते नाही. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतात, चिरतात. हे पाइप बदलणं म्हणजे रंगापेक्षा पुढचं काम, कारण गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल हे जुन्या गाड्या पेटण्याचं नेहमीचं कारण आहे.

आणि तरीही दुसरं इंजिन बसवायचंच असेल तर

खाजगी जागेत, फार्मवर किंवा ट्रॅकवर चालवण्यासाठी लोक हे करतात. त्यामागचं यंत्रशास्त्र समजून घेण्यासारखं आहे.

जिप्सीचंच इंजिन का? कारण तेही गाडीच्या लांबीत बसतं. बहुतेक नव्या गाड्यांची इंजिनं आडवी असतात आणि पुढची चाकं फिरवतात. ती पद्मिनीत बसवायची म्हणजे गाडी नव्याने बनवणं. जिप्सीचं इंजिन १२९८ सीसीचं, इंजेक्शनवाल्या मॉडेलमध्ये ८० अश्वशक्तीचं. शिवाय जिप्सीत चारही चाकांना ताकद वाटणारा खोका गिअरबॉक्सपासून वेगळा असतो. तो बाजूला ठेवला की इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स असा जोड आयता मिळतो. हा जोड तोडू नये. जुन्या गिअरबॉक्सला नवं इंजिन जोडायला मध्ये जाड प्लेट बनवावी लागते, आणि इंजिनाचा व गिअरबॉक्सचा मध्य केसभर जरी सरकला तरी क्लच आणि बेअरिंग काही महिन्यांत जातात.

मापं घेताना पूर्ण इंजिन उचलत बसायचं नाही. भंगारातून रिकामा ब्लॉक आणि बॉक्सचं खोकं आणून ते बसवून पाहायचं. बोनेट बंद होतो का, ऑइलचा सम्प स्टिअरिंगच्या दांड्यांना लागतो का, पंखा आणि रेडिएटरमध्ये जागा राहते का, सायलेन्सरचा पाइप ब्रेकच्या नळीजवळून जातो का. गिअरचा दांडा आता खाली येणार म्हणून मधला पत्रा कापावा लागतो. आणि या गाडीत पत्रा म्हणजे सांगाडा, त्यामुळे कापलेल्या जागी तेवढंच मजबूत काम परत वेल्ड करावं लागतं.

मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट लांबीला जुळत नाही. तो कापून, जोडून बॅलन्स करावा लागतो आणि दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन सारखे ठेवावे लागतात. नाहीतर एका ठराविक वेगाला गाडी थरथरते आणि कारण काही केल्या सापडत नाही.

इंजेक्शनचं प्रकरण आणखी निराळं. जुना कार्ब्युरेटर अगदी कमी दाबाच्या पेट्रोलवर चालतो. इंजेक्शनला त्याच्या दसपट दाब लागतो. म्हणजे टाकीत किंवा टाकीजवळ नवा पंप, दाब सोसणारे पाइप, जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी लाइन, कॉम्प्युटर आणि त्याची अख्खी वायरिंग. त्यातली एखादी अर्थ वायर सैल राहिली तरी गाडी कधी चालते, कधी रुसते. अशी कितीतरी कामं याच टप्प्यावर अडकून पडतात. इंजिन बसलेलं असतं, गाडी सुरू होत नाही, आणि मेस्त्री फोन उचलत नाही.

आता गंमत अशी की पद्मिनी हायवेला दमते त्यात अर्धा दोष गिअरचा आहे. समजा चाकाचा घेर १.८८ मीटर आणि डिफरन्शियल ४.३ ला १ आहे. चौथ्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,०५० फेरे घेतं. पाचवा गिअर मिळाला आणि त्याचं गुणोत्तर ०.८५ धरलं, तर त्याच वेगाला फेरे उतरतात सुमारे २,६०० वर. आवाज, कंप, पेट्रोल तिन्ही कमी. इंजिनाची ताकद तीच ठेवूनही हा फरक पडतो.

ताकद दुप्पट केली तर मात्र ब्रेकचा प्रश्न उभा राहतो. वेग ६० वरून ९० झाला की थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. ती सगळी ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. ड्रमला थंड व्हायला वाव कमी, म्हणून घाटात दोन-चारदा दाबल्यावर पेडल असूनही ब्रेक लागेनासा होतो. जुन्या मॉडेलांत ब्रेकची एकच लाइन चारही चाकांना जाते. एक नळी फुटली की सगळेच गेले. पुढे डिस्क आणि दोन लाइनींचा मास्टर सिलिंडर हा इंजिनाच्या आधीचा खर्च आहे, नंतरचा नाही.

विजेवर करायची असेल तर रस्ता थोडा सोपा आहे, निदान कागदाचा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मान्य केलेलं किट, मान्य केंद्रातून बसवून, आरसीवर इंधनाचा बदल नोंदवता येतो. मात्र किट त्या मॉडेलसाठी मंजूर आहे का, ते आधी विचारावं. सीएनजीचंही तसंच.

घरी काय करावं, काय करू नये

ब्रेकचे रबर बदलणं, कार्ब्युरेटर धुणं, आतली गादी-छत काढणं, पत्रा तपासणं ही कामं घरी निवांत होतात. पत्र्यासाठी साधा लोहचुंबक घ्यायचा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी थापलेली आहे. दारांखालचे पट्टे, पायाखालची जमीन आणि मागचे पाटे जिथे बॉडीला जोडले आहेत त्या जागा सगळ्यात आधी. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेतली गाडी असेल तर तिथे पेचकस टोचून पाहावा.

इंजिन उतरवताना चेनपुली पोर्चच्या हुकाला टांगायची नाही. तो हुक झोक्यासाठी असतो. तिकाटणं भाड्याने मिळतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, खाली स्टँड हवेतच. आणि पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला घरी वेल्डिंग लावायचं नाही. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. ते काम टाकी धुऊन, वाफ घालवून करणाऱ्याकडेच द्यायचं.

बोअर केलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की लगेच लांब घेऊन जायचं नाही. पहिले ५०० किलोमीटर रिंगा बोअरमध्ये बसत असतात. तोवर एकाच वेगाने ताणायचं नाही, चढावर वरच्या गिअरमध्ये दामटायचं नाही. ५०० झाले की ऑइल आणि फिल्टर बदलायचा, हेडचे बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने आणि मापाने पुन्हा आवळायचे आणि टॅपेटचं अंतर तपासायचं.