पाठीला दर नव्हता

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत माणसाच्या शरीराचा अवयववार हिशेब मांडला होता. उजवा हात कोपरापासून वर गेला, तर कमाईची ताकद ७० टक्के गेली असे धरायचे. डावा गेला तर ६० टक्के. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०. पुढे आकडे बदलले, बोटांच्या पेरांपर्यंत तपशील वाढला, पण पाठ, कंबर आणि मणका या यादीत तेव्हा नव्हते आणि नंतरही आले नाहीत. कायदा यंत्रयुगाचा होता. यंत्र तोडते, आणि तुटलेले मोजता येते. ओझे मात्र काही तोडत नाही. हमालाच्या कमरेत उसण भरते, मणक्यांमधली गादी सरकते, पाय बधिर होतो, आणि बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. म्हणून पाठीची भरपाई किती, हे जखमेच्या गांभीर्यापेक्षा ती कोणाला दिसते, कोण मान्य करतो आणि मालक म्हणून कोणाला पकडता येते यावर ठरत आले.

न दिसणाऱ्या दुखण्याबद्दलचा संशय या कायद्याहून जुना आहे. इंग्लंडमध्ये रेल्वे अपघातातून वाचलेले प्रवासी पाठीच्या दुखण्यासाठी कंपन्यांवर दावे लावू लागले, तेव्हा लंडनचे शल्यविशारद एरिक्सन यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत हे दुखणे कण्याला बसलेल्या हादऱ्याचे असल्याचे मांडले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी ते खोडून काढले. त्यांच्या मते यातला बराचसा भाग भीतीचा आणि मनाचा होता. पेज हे एका मोठ्या रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, हे विसरून चालणार नाही. तरी आक्षेप साफ खोटा नव्हता. पाठदुखीचे सोंग करता येते, तुटलेल्या बोटाचे येत नाही. पण सोंगाच्या शक्यतेचा सगळा भार खऱ्या जखमीवर टाकणे हा काही त्यावरचा उपाय नव्हे. शिवाय पेज यांचा निदानाचा मुद्दा सर्वस्वी बरोबर धरला, तरी मनाच्या धक्क्याने कामाला न जाऊ शकणाऱ्या माणसाची मजुरी बुडतेच.

यादीबाहेरच्या दुखापतीसाठी कायद्यात एक वाट होती: कमाईची ताकद जितकी घटली, त्या प्रमाणात पैसे. ही घट किती, हे डॉक्टरने सांगायचे आणि आयुक्ताने ठरवायचे. खरी रक्कम इथेच ठरते. १९८४ च्या दुरुस्तीने आणलेले सूत्र असे, की कायम आणि पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ठरावीक टक्क्यांना (१९९५ च्या दुरुस्तीपासून ६०) वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. चाळिसाव्या वर्षी तो आकडा १८४.१७ आहे, साठाव्या वर्षी ११७.४१. हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा २०२० मध्ये १५,००० रुपये झाली. म्हणजे चाळिशीतल्या हमालाला पूर्ण अपंगत्वाचे १६,५७,५३० रुपये होतात, आणि डॉक्टरने ‘वीस टक्के’ लिहिले की ३,३१,५०६. जखम तीच, पोते तेच, फरक फक्त एका शेऱ्याचा. कारकुनाची पाठ वीस टक्के गेली तर तो उशी घेऊन खुर्चीत बसेल. हमालाच्या बाबतीत ‘वीस टक्के’ या शब्दांना काही अर्थच उरत नाही, कारण त्याच्यापाशी विकायला पाठीवाचून दुसरे काही नसते.

न्यायालयांनी हे ओळखले, पण हाताच्या निमित्ताने. डावा हात कोपरावरून कापावा लागलेल्या एका सुताराच्या खटल्यात (प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता) सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये मान्य केले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के. मोटार अपघाताच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात २०१० मध्ये हाच विचार अधिक स्पष्टपणे मांडला गेला: शरीराचे अपंगत्व एक, आणि त्या माणसाच्या धंद्यावर झालेला परिणाम दुसरा. यावर कोणी म्हणेल की ठरलेल्या टक्केवारीमुळे निकाल लवकर लागतो आणि वकिलाचा खर्च वाचतो. बोटांबाबत ते खरे आहे. पाठीबाबत मुळात टक्केवारीच ठरलेली नाही, तेव्हा तो फायदाही नाही.

पण टक्केवारीवर वाद घालायलाही आधी मालक लागतो. मुंबईत मशीद बंदर, दाणाबंदर भागात सातारा-सांगलीकडून आलेल्या माणसांच्या टोळ्या पोती उचलत. सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी खाली करायची, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची, आणि पैसे मुकादमाकडून घ्यायचे. पाठ मोडली तर ती कोणाच्या कामावर? मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेले तात्पुरते काम करणाऱ्यांना १९२३ चा कायदा ‘कामगार’ मानत नव्हता; ती वगळणूक २००० मध्ये गेली. हमालाचे काम व्यापाऱ्याच्या धंद्याचेच होते, पण हजेरीपुस्तकात नाव नसलेल्याने ते सिद्ध कसे करायचे? अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत आणि बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यात संघटना बांधल्या, त्या या पोकळीत. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने मंडळे नेमली, नोंदणी आणली, आणि मंडळ मजुरी वाटते तिथे भरपाईपुरते मंडळालाच मालक ठरवले. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्यांबद्दल उद्योजक आज तक्रार करतात, आणि ती खोटी नाही; पण त्यामुळे या तरतुदीचे मोल कमी होत नाही. पाठ मोडलेल्या हमालाला दावा कोणावर लावायचा, हे त्या कायद्याने पहिल्यांदा लेखी सांगितले.

इतके होऊनही एक दार बंदच राहिले. कायदा ‘अपघाता’ने झालेल्या इजेला पैसे देतो. चाक फिरवताना जोर लावल्याने कामगाराला अंतर्गळ झाला, तर तोही अपघातच, असे ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०३ मध्ये फेंटन विरुद्ध थॉर्ली या खटल्यात ठरवले. त्यामुळे पोते उचलता उचलता एका क्षणी गादी सरकली तर दावा उभा राहतो. वीस वर्षे शंभर किलोची पोती वाहून मणका झिजला असेल, तर तो क्षण कोणता म्हणून दाखवायचा? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस १९६७ मध्ये केली. आपल्या बाजारांत शंभर किलोचे पोते त्यानंतरही पुष्कळ काळ चालले. आणि झीज म्हणजे वयोमान, असे उत्तर प्रतिवादीकडे तयारच असते. वय सगळ्यांचेच वाढते हे खरे, पण धुळीच्या बाबतीत कायद्याने हे उत्तर ऐकून घेतले नाही. व्यवसायजन्य रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीत कापसाच्या आणि उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारे फुप्फुसांचे रोग घातले गेले, आणि ठरावीक काळ ते काम केलेल्या कामगाराला अपघाताचा क्षण दाखवण्याची गरज उरली नाही. ओझ्याने झिजलेला मणका त्या अनुसूचीत घातला पाहिजे, आणि ते काम माथाडी कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने लावून धरले पाहिजे.